टॅब चार्जिंगला लावलेला, तरी टक्के खाली का जातात?

चिपळूण तालुक्यातील एका भगिनीचे पत्र या महिन्यात आमच्यापुढे आहे. पती कुवेतला नोकरीला. मागच्या सुट्टीत येताना त्यांनी मुलीसाठी दहा इंची टॅब आणला. मुलगी नववीत आहे. शाळेचा अभ्यास आणि असरनंतर व्हिडिओ कॉलवर तजवीदचा सबक, दोन्ही त्याच टॅबवर चालते. सुरुवातीचे काही महिने छान गेले. आता मात्र टॅब सतत चार्जिंगला लावलेला असतो, कोपऱ्यात विजेचे चिन्ह दिसते, आणि तरीही सबक सुरू होताना साठ टक्के असलेली बॅटरी तासाभराने अठ्ठेचाळीसवर आलेली असते. परीक्षेच्या दिवसांत तर रात्री टॅब चार्जरला लावलेला असतानाच बंद पडला. गावातल्या दुकानदाराने हातात घेऊन सांगितले, “बॅटरी गेली. बॅटरी टाकण्यापेक्षा नवीनच घ्या.” भगिनी विचारतात, वर्षही न झालेल्या वस्तूची बॅटरी जाते का? पतींना कळवून त्यांना काळजीत टाकावे, की भिशीचे पैसे मोडून नवा टॅब घ्यावा?

भिशी मोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखे, एक वाक्य आहे. टॅबसोबत आलेला चार्जर तीन जाड चौकोनी पिनांचा आहे, तो आपल्या बोर्डात बसत नाही. बाजारातून आणलेला जोडप्लग सैल होऊन ठिणग्या उडू लागल्या म्हणून तो चार्जर कपाटात ठेवला, आणि आता थोरल्या मुलाच्या जुन्या मोबाइलचा चार्जर वापरतात. आमच्या मते बॅटरीचे दुखणे बहुधा या वाक्यातच आहे.

आखातातून सामान येणाऱ्या कोकणातल्या कितीतरी घरांत ही गोष्ट घडते. कुवेत, दुबई, कतार, बहरीन, ओमान, सगळीकडे विलायती पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा प्लग चालतो. आपल्याकडे गोल पिना. त्यामुळे तिकडून आलेल्या वस्तूचा चार्जर बाजूला पडतो आणि घरात जो हाताला लागेल तो टॅबला लागतो. छिद्रात पिन बसली, चिन्ह दिसले, म्हणजे काम झाले असे आपण समजतो. ते चिन्ह फक्त एवढेच सांगते की वीज येत आहे. किती येत आहे आणि त्याच वेळी किती खर्च होत आहे, हे ते सांगत नाही.

हा जमाखर्च घरखर्चाच्या वहीसारखाच आहे. चार्जर हातात घेऊन त्यावरची बारीक अक्षरे वाचा. ‘इनपुट’ची ओळ सोडा, ‘आउटपुट’ची ओळ पाहा. तिथे व्होल्ट आणि अँपिअर असे दोन आकडे असतात. दोघांचा गुणाकार केला की वॅट मिळतात, आणि वॅट म्हणजे चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते. जुन्या साध्या मोबाइलच्या अनेक चार्जरांवर ५ व्होल्ट ०.७ अँपिअर असे लिहिलेले सापडते. म्हणजे साडेतीन वॅट. काहींवर ५ व्होल्ट १ अँपिअर, म्हणजे ५ वॅट. टॅबचा स्वतःचा चार्जर बहुधा ५ व्होल्ट २ अँपिअरचा, म्हणजे १० वॅटचा, किंवा त्याहून मोठा असतो.

आता खर्चाची बाजू. टॅबमध्ये सर्वांत जास्त वीज खाते ती स्क्रीन, आणि दहा इंची स्क्रीन मोबाइलच्या स्क्रीनपेक्षा कितीतरी मोठी. त्यात व्हिडिओ कॉल म्हणजे स्क्रीन चालू, कॅमेरा चालू, माइक, स्पीकर आणि वायफाय चालू, शिवाय आलेले चित्र उलगडण्यात आणि आपले चित्र पाठवण्यात आतला प्रोसेसर गुंतलेला. समजा या सगळ्याला मिळून ६ वॅट लागतात. साडेतीन वॅटच्या चार्जरमधून, वाटेतली गळती धरता, ३ वॅट आत पोहोचले. उरलेले ३ वॅट कुठून येणार? बॅटरीतून. सात हजार एमएएचच्या बॅटरीत साधारण २६ वॅट-तास साठा असतो, म्हणजे तासाला ३ वॅट काढले तर अकरा-बारा टक्के उतरतात. भगिनींनी लिहिलेले साठाचे अठ्ठेचाळीस झाले ते असे. आमचे ६ वॅट हे उदाहरणापुरते आहेत, प्रत्येक टॅबचा खर्च वेगळा असतो. पण हिशेबाची रीत हीच. आवक तीन आणि खर्च सहा असेल तर पेटीतली शिल्लक कमी होणारच, मग पेटी नवी असो की जुनी.

लॅपटॉपच्या किंवा टीव्हीच्या छिद्रात वायर लावून टॅब चार्ज करणाऱ्यांची अवस्था याहून वाईट असते. संगणकाचे साधे जुन्या पद्धतीचे यूएसबी छिद्र ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर देण्यासाठी बनलेले आहे, म्हणजे अडीच वॅट. २०१० साली पहिला आयपॅड आला तेव्हा लोकांनी तो संगणकाला जोडला, आणि अनेकांच्या स्क्रीनवर ‘चार्ज होत नाही’ असे अक्षरशः लिहून आले. त्याच्यासोबत १० वॅटचा चार्जर दिलेला होता, तो का दिला होता हे तेव्हा लोकांना कळले. आजचे काही टॅब चार्जिंग संथ असल्याची सूचना देतात, बरेचसे गप्प राहतात.

आता पुष्कळ घरांतून प्रश्न येईल, आमचा चार्जर तर मोठा आहे, फास्ट चार्जिंगचा आहे, तरी हेच का होते? फास्ट चार्जरवर आउटपुटच्या दोन-तीन जोड्या लिहिलेल्या असतात, उदाहरणार्थ ५ व्होल्ट २ अँपिअर किंवा ९ व्होल्ट १.६७ अँपिअर. वरची जोडी तेव्हाच मिळते जेव्हा चार्जर आणि टॅब यांची आपसात बोलणी होतात आणि दोघांना एकमेकांची भाषा समजते. एका कंपनीच्या मोबाइलचा मोठा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या टॅबला लावला तर बोलणी फिसकटू शकतात. मग तो मुकाट्याने साधा ५ व्होल्टचा पुरवठा करतो, आणि डब्यावर छापलेले मोठे आकडे डब्यावरच राहतात.

चार्जरइतकीच दोषी वायर असते, आणि तिच्याकडे कोणी पाहतच नाही. स्वस्त वायरीच्या आत तांब्याच्या तारा केसासारख्या बारीक असतात. अशा दोन मीटर लांब वायरीतून एक अँपिअर प्रवाह नेला तर पाऊण व्होल्टहून जास्त दाब वायरीतच खर्ची पडतो. चार्जरने पाच व्होल्ट सोडले, टॅबच्या तोंडाशी सव्वाचारच्या आसपास पोहोचले. दाब पडलेला पाहून टॅब स्वतःच कमी वीज घेऊ लागतो. पलंगावर बसून वापरता यावे म्हणून आपण लांब वायर आणतो, आणि नेमकी तीच अडचण करते. काही वायरींवर २८ किंवा २४ असा आकडा आणि पुढे एडब्ल्यूजी असे छापलेले असते. इथे आकडा लहान तितकी तार जाड. दोन वायरींत निवड करायची असेल तर आखूड आणि जाड तारेची घ्या. वायरीचे तोंड जिथे वाकते तिथे आतल्या तारा तुटतात. बोटाने थोडे हलवले की चिन्ह येते-जाते, अशी वायर दोरी बांधून, चिकटपट्टी लावून जगवण्यात अर्थ नाही. ती गरम होते.

तपासणी कशी करावी ते सांगतो. यासाठी पैसा लागत नाही, एक संध्याकाळ आणि कागद-पेन्सिल पुरे. टॅब बंद करून पुन्हा सुरू करा, विमान-मोड लावा, किती टक्के आहेत ते लिहा, स्क्रीन विझवा आणि नेहमीच्याच चार्जरला अर्धा तास लावून ठेवा. अर्ध्या तासाने टक्के पुन्हा लिहा. आकडा वर गेला असेल तर बॅटरी वीज घेते आहे, तिच्यावर मर्तिकाची नमाज पढण्याची घाई नको. चार्जरची आवक खर्चापुढे तोकडी पडते एवढाच अर्थ. आकडा जागचा हलला नाही तर वायर बदलून पुन्हा अर्धा तास. मग चार्जर बदलून. शेजाऱ्यांकडे टॅबचा चार्जर असेल तर तासाभरासाठी मागून आणा. एका वेळी एकच वस्तू बदला. दोन्ही एकदम बदलल्या तर दोष कुणाचा होता हे कधीच कळणार नाही. भिंतीवरच्या थेट बोर्डात लावा, एक्स्टेन्शन बोर्डाच्या सैल छिद्रात नको.

चांगला चार्जर आणि चांगली वायर लावूनही आकडा हलत नसेल तर टॅबच्या चार्जिंगच्या छिद्रात टॉर्च मारून पाहा. मुलांच्या दप्तरात, गादीवर, जानमाजजवळच्या चटईवर फिरणाऱ्या टॅबच्या छिद्रात धागे आणि धूळ दाबून बसतात. पिन पूर्ण आत जात नाही, लावताना ‘टक्’ असा बसल्याचा स्पर्श होत नाही. टॅब पूर्ण बंद करून लाकडी दातकोरणीच्या टोकाने हलकेच कचरा बाहेर ओढा. सुई, टाचणी, हिजाबची पिन अजिबात नको, आतले संपर्क वाकतात आणि मग खरोखरच दुकान गाठावे लागते. तोंडाने फुंकर मारणेही टाळा, ओल आत जाते. समुद्राकाठच्या गावांत दमट खारी हवा असते, छिद्रात हिरवट डाग दिसले तर तो गंज आहे आणि ते घरी खरवडण्याचे काम नाही.

उष्णतेचे प्रकरण वेगळे. लिथियमच्या बॅटऱ्या साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असा दंडक आहे, आणि टॅब स्वतः त्याच्या आधीपासूनच आवक कमी करू लागतो. जाड रबरी कव्हर, खाली गोधडी, वर व्हिडिओ कॉल आणि त्यातच चार्जिंग, म्हणजे चारही बाजूंनी ऊब. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना मे महिन्याबद्दल आम्ही काय सांगावे! अशा वेळी चार्जर कितीही मोठा असो, टॅब वीज घेणार नाही. कव्हर काढा, लाकडी रिहलवर किंवा उभ्या स्टँडवर ठेवा, मागून हवा लागू द्या. गरम झाला म्हणून फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. आतमध्ये दव धरते.

खर्च कमी करण्याच्या बाबतीत लोक सरसकट सांगतात की कॅमेरा बंद ठेवा. शाळेच्या तासाला ते ठीक आहे. तजवीदच्या सबकात ते चालणार नाही. अक्षर कंठातून निघते की ओठांतून, जीभ दातांना कुठे टेकते, हे मुअल्लिमांना दिसलेच पाहिजे, नाहीतर मखारिज शिकवणार कशा? कॅमेरा राहू द्या, स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणा. दिवसाउजेडी खिडकीजवळ बसले तर तेवढ्यावर सहज भागते. सबक पाठ करण्यासाठी एखाद्या कारींची तिलावत ऐकायची असेल तेव्हा ती आधी उतरवून घ्या आणि स्क्रीन विझवून ऐका. त्यात खर्च नाममात्र आहे.

एक गोष्ट आपल्या घरांपुरती. नमाजच्या वेळा दाखवणारी आणि किब्ला सांगणारी ॲप्स आपण टाकतो, कधी कधी तीन-तीन. यांतील काही ॲप्स आपण कुठे आहोत हे सतत शोधत राहतात. टॅब घरातून हलतच नाही, मग शोध कशाला? सेटिंगमध्ये जाऊन आपले शहर किंवा तालुक्याचे गाव हाताने निवडा आणि लोकेशनची परवानगी काढून घ्या. ॲपही एकच ठेवा. उलट बाजूही ध्यानात असू द्या. बॅटरी वाचवण्याचा मोड सरसकट लावला तर काही टॅबवर अजानची सूचना उशिरा येते किंवा येतच नाही, कारण मागे चालणारी ॲप्स झोपवली जातात. फजरसाठी टॅबवर विसंबणाऱ्या घरात त्या एका ॲपला सूट द्यावी लागेल. कोणते ॲप किती वीज खाते याची यादी सेटिंगच्या बॅटरी विभागात मिळते. अनोळखी खेळ यादीच्या माथ्यावर दिसला तर काय करायचे ते आयांना सांगायला नको.

आणि खरोखर बॅटरीच संपली असेल तर? तिची लक्षणे वेगळी असतात. टक्के पायरी-पायरीने न उतरता उड्या मारतात, चाळीसवरून एकदम बंद, पुन्हा चार्जरला लावले की लगेच तीस. विमान-मोडमध्ये, स्क्रीन विझलेली असतानाही रात्रीत निम्मी उतरते. चार-पाच वर्षे रोज वापरलेल्या टॅबमध्ये हे स्वाभाविक आहे, लिथियमची बॅटरी दर चार्जबरोबर थोडी थोडी झिजते. वर्षाच्या आतल्या टॅबमध्ये सहसा नाही. म्हणून दुकानदाराचा निवाडा आम्हाला घाईचा वाटतो. टॅब उघडला नाही, दुसरा चार्जर लावून पाहिला नाही, आणि नवा घ्या म्हणून सांगितले. नवा टॅब घेतला असता आणि त्यालाही तोच साडेतीन वॅटचा चार्जर लावला असता, तर काय झाले असते याचा विचार वाचकांनी करावा. इसराफ नेहमी शादीच्या मांडवातच होतो असे नाही.

एका लक्षणाला मात्र तपासणी नको, थांबा नको. टॅबची पाठ फुगलेली दिसली, स्क्रीन एका कडेने उचलली गेली, सपाट टेबलावर ठेवल्यावर टॅब डुलू लागला, तर आत बॅटरी फुगली आहे. तात्काळ चार्जर काढा, बंद करा, दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका, टोचू नका, अंथरूण-पडद्यांपासून दूर फरशीवर ठेवा आणि लवकरात लवकर सर्व्हिस सेंटरला द्या. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ‘अजून चालतोय ना’ म्हणून मुलाच्या हातात ठेवलेले टॅब आम्ही पाहिले आहेत. तसे करू नका. उशीखाली टॅब चार्जिंगला लावून झोपण्याची सवयही मोडा, बॅटरी चांगली असली तरी.

आता भगिनींनी काय करावे? कपाटातला चार्जर विजेच्या दृष्टीने निर्दोष आहे. त्याच्या इनपुटच्या ओळीत १०० ते २४० व्होल्ट असे असेल, आणि कुवेतमधली वीज आपल्यासारखीच दोनशे तीस-चाळीस व्होल्टची. अडचण फक्त पिनांची होती. सैल जोडप्लग परत वापरू नका, ठिणग्या पाहून बाजूला ठेवला हे उत्तम केले. विलायती पिना घट्ट बसतील असा चांगल्या प्रतीचा जोडप्लग विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो का पाहा, आणि घेताना चार्जर सोबत नेऊन लावून बघा. नाहीतर सरळ गोल पिनांचा नवा चार्जर घ्या. जुन्या चार्जरवरची आउटपुटची ओळ कागदावर उतरवून न्या, तेवढेच किंवा जास्त अँपिअर असलेला मागा. साध्या ५ व्होल्टच्या चार्जरमध्ये अँपिअर जास्त असल्याने टॅबचे नुकसान होत नाही, तो लागेल तेवढेच घेतो. चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. हा क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते दिसते. दुकानातच टाकून पाहा, दुकानदाराला राग आला तर येऊ द्या. नवा टॅब आणि नवा चार्जर यांच्या किमतींत किती अंतर आहे हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असणार.

चार्जर बदलूनही गुण आला नाही, तर टॅब दुकानात द्यावा लागेल. तिथे ‘चार्जिंग जॅक’ किंवा ‘सीसी बोर्ड’ आधी तपासायला सांगा. बऱ्याच टॅबमध्ये चार्जिंगचा छोटा बोर्ड वेगळा असतो, आणि तो एकटा बदलता येतो. काम काय आणि पैसे किती हे आधी ठरवा, बॅटरी बदलली तर जुनी डोळ्यांनी पाहा. देण्यापूर्वी मेमरी कार्ड आणि सिम काढून घ्या. घरातल्या मुलीबाळींचे, शादी-समारंभाचे फोटो दुसरीकडे उतरवून टॅबमधून पुसा. व्हॉट्सॲप आणि ईमेलमधून बाहेर पडा. दुरुस्तीवाला पासवर्ड मागेल. चार्जिंगचा दोष तपासायला आतले फोटो उघडावे लागत नाहीत, म्हणून पासवर्ड न सांगता गरज पडेल तेव्हा समोर बसून स्वतः उघडून द्या. मुलीचा टॅब परक्याच्या हाती द्यायचा म्हणून कितीतरी घरांत तो वर्षानुवर्षे कपाटात पडून राहतो, आणि तिचा सबक थांबतो. एवढी काळजी घेतली तर तसे करण्याचे कारण उरत नाही.

काढलेली जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या पोत्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात जाऊ देऊ नका. पोते दाबले की आत ठिणगी पडायला वेळ लागत नाही. सर्व्हिस सेंटरलाच ठेवून घ्यायला सांगा.